अंगण वाकडे असू शकते

(द्वितीय वर्ष, बी. ए.)

'नाचता येईना, अंगण वाकडे' ही म्हण आपण प्राथमिक शाळेपासून पाठ करीत आलो आहोत. तिचा वाक्यात उपयोग करून आपण गुणही मिळवले आहेत. मीही मिळवले. पण गेल्या लग्नसराईपासून ह्या म्हणीविषयी एक शंका मला छळू लागली आहे, आणि ती ह्या अंकाच्या वाचकांपुढे, विशेषतः गुरुजनांपुढे, मांडण्याचे धाडस मी करीत आहे. शंका अशी, की अंगण खरोखरच वाकडे असेल तर? गवंडी भिंत उभी करताना ओळंबा सोडतो, फरशी बसवताना पाणसळ लावतो. नाचणाऱ्याला हसण्यापूर्वी कोणी अंगणाला पाणसळ लावून पाहिली होती काय?

माझे वडील बॅन्डमध्ये क्लॅरिनेट वाजवतात. त्यांना आम्ही आण्णा म्हणतो. आमच्याकडे ह्या वाद्याला 'क्लॅरोनेट' म्हणण्याची रीत आहे. आजोबा सनई वाजवत. आमच्या घरात फुंकीवर पोट भरण्याची ही दुसरी पिढी, आणि महाविद्यालयाची पायरी चढणारी पहिली. माझी पहिल्या वर्षाची फी, सेकंडहॅन्ड पुस्तके आणि एस. टी. चा पास, हे सारे त्या काळ्या नळीतून आलेले आहे. कॉलेजात कोणी विचारले तर 'वडील कलाकार आहेत' असे मी पहिले सहा महिने सांगत होतो. बॅन्डवाले आहेत, हे सांगायला जीभ रेटत नसे. ही लाज आता राहिलेली नाही, म्हणूनच हा लेख लिहीत आहे.

खरे म्हणजे लाजण्यासारखे त्यात काही नाही. हे वाद्य जर्मनीतल्या न्यूरेंबर्ग शहरात योहान क्रिस्टोफ डेनर ह्या कारागिराच्या हातून १७०० सालच्या आसपास आकाराला आले असे मानतात. मोत्झार्टने १७९१ साली, म्हणजे मृत्यूच्या वर्षी, त्याच्यासाठी कॉन्चेर्तो लिहिला. आपल्याकडे ते इंग्रजी पलटणींच्या बॅन्डबरोबर आले आणि पुढे वरातीत शिरले. मास्टर इब्राहिम यांच्या क्लॅरिनेटवरील चित्रपटगीतांच्या तबकड्या एके काळी घरोघरी वाजत. दक्षिणेत ए. के. सी. नटराजन यांनी ह्याच वाद्यावर कर्नाटक संगीताच्या मैफली केल्या आणि २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. वाद्य तेच आहे. मैफलीत वाजले की टाळ्या पडतात आणि वरातीत वाजले की 'ए, जोरात वाजव' असे ओरडतात, एवढाच काय तो फरक.

तर घडले ते असे. गेल्या वर्षी वैशाखात एका मोठ्या वरातीत आण्णांचा एक सूर निघेना. निघेना म्हणजे अजिबात निघेना असे नव्हे. चार वेळा निघे, पाचव्या वेळी त्याच्या जागी एक घोगरा खालचा आवाज येई किंवा चिरका फुटे. नेमकी नवरदेव घोड्यावरून उतरण्याची वेळ, बॅन्ड टिपेला पोहोचलेला, आणि गाण्याच्या मुखड्यातच तो सूर. चिरका फुटला तशी पोरे हसली. एकाने तशीच शिट्टी वाजवून दाखवली. पुढच्या दोन वरातींत तेच झाले. तिसऱ्या वेळी बॅन्डच्या मास्तरांनी आण्णांच्या हातातून क्लॅरिनेट काढून घेतले नाही, तेवढी सभ्यता त्यांनी ठेवली. पण खुळखुळे दिले. क्लॅरिनेटवाल्याला एका वरातीचे नऊशे रुपये मिळतात, खुळखुळेवाल्याला चारशे. पंचावन्नाव्या वर्षी आण्णा खुळखुळे वाजवत वरातीच्या मागच्या रांगेत चालू लागले.

निदाने मात्र भरपूर झाली. मास्तर म्हणाले, दम संपला. चुलते म्हणाले, वरचा दात पडलाय, ओठ कसा धरणार? आईने मीठ-मोहऱ्या उतरून टाकल्या. शेजारचे एक गृहस्थ, ज्यांचा संगीताशी संबंध मोबाईलच्या रिंगटोनपुरता, ते म्हणाले की रियाज सोडला की असेच होते. आणि सर्वांत वाईट म्हणजे आण्णांनीही ते मान्य करून टाकले. ''दम ऱ्हायला न्हाई आता. वय झालं,'' असे ते मला म्हणाले आणि पेटी माळ्यावर टाकली. ह्या साऱ्या निदानांत एक गोष्ट समान होती. प्रत्येकाने दोष आण्णांच्या अंगात शोधला, आणि कोणीही वाद्याला हात लावला नाही.

आता तो सूर कोणता, हे थोडे सविस्तर सांगितले पाहिजे. वाचकांनी कंटाळू नये. क्लॅरिनेटवर सगळी भोके आणि खालच्या टोकाची झाकणे बंद करून फुंकले की जो सर्वांत खालचा सूर निघतो, तो पेटीवरच्या मंद्र सप्तकातल्या पांढरी दोनशी जुळतो. सेकंदाला सुमारे १४७ कंपने. आता बोटे जिथल्या तिथे ठेवून डाव्या अंगठ्याने मागची छोटी चावी उघडायची. बासरीत किंवा सनईत असे वरच्या आवाजात गेले की खालचा सूर दुप्पट होतो, म्हणजे सा चा वरचा सा येतो. क्लॅरिनेटचे तसे नाही. त्याची नळी सरळ, सगळीकडे जवळजवळ सारख्या रुंदीची, आणि पत्तीच्या बाजूने ती बंद असल्यासारखी वागते. अशा नळीत दुप्पट येत नाही, एकदम तिप्पट येते. १४७ ची तिप्पट ४४१, म्हणजे जवळजवळ ४४०, मध्य सप्तकातली पांढरी सहा. सा दाबून ठेवायचा आणि अंगठ्याच्या एका हालचालीने निघतो तो वरच्या सप्तकातला पंचम! आजोबा सनईवाले असल्यामुळे आण्णांना सुरुवातीची दोन वर्षे हा प्रकार उलटा वाटे, असे ते सांगतात. क्लॅरिनेट शिकताना त्यांना आधी सनई विसरावी लागली.

आण्णांचा रुसलेला सूर हीच पांढरी सहा. इंग्रजी नोटेशनवाले ह्याला मधला बी म्हणतात, कारण ह्या वाद्याचे लिहिलेले सूर आणि ऐकू येणारे सूर वेगळे असतात. त्या घोळात आपण शिरायला नको. मौज अशी, की तिच्या शेजारची पांढरी पाच वाजवायला एकच बोट लागते, एक चावी दाबली की झाले, बाकी सगळी भोके उघडी. आणि एक पायरी वर पांढरी सहाला जायचे तर आठ-नऊ बोटे एकाच क्षणी खाली यावी लागतात. पेटीवर हे दोन सूर शेजारीशेजारी, क्लॅरिनेटवर त्यांच्यामध्ये दरी. साऱ्या जगात ह्या वाद्याचे विद्यार्थी ह्याच दरीत पडतात. आणि हा सूर अख्ख्या नळीचा सूर आहे. वरपासून खालपर्यंत एकही भोक, एकही झाकण केसभर उघडे राहिले तर तो बिघडतो. अर्धी नळी वापरणाऱ्या सुरांना खालच्या झाकणांशी काही कर्तव्य नसते, म्हणून ते खुशाल वाजतात. तेव्हा 'बाकी सगळं तर नीट वाजवतो, हाच एक सूर का चुकतो, म्हणजे बोट चुकतंय' असा जो तर्क मास्तरांनी केला, तो मुळातच पोकळ होता. बाकी सगळे नीट वाजते आणि हाच एक बिघडतो, हीच तर गळतीची खूण.

पण हे मला त्या वेळी ठाऊक नव्हते. मला ठाऊक होते ते पहिल्या वर्षाच्या पेपरातले तर्कशास्त्र, आणि तेही परीक्षेपुरते. जॉन स्टुअर्ट मिल याने १८४३ साली आपल्या तर्कशास्त्रावरील ग्रंथात कारण शोधण्याच्या ज्या पद्धती सांगितल्या, त्या आपण सर्वांनी घोकल्या आहेत : अन्वय, व्यतिरेक, सहचारी परिवर्तन वगैरे. व्यतिरेक पद्धतीवर मला दहापैकी आठ गुण होते. सर्व परिस्थिती तशीच ठेवायची, एकच गोष्ट बदलायची आणि परिणाम बदलतो का ते पाहायचे. आठ गुण मिळवताना माझ्या मनात एकदाही आले नाही की ही गोष्ट घरी करून पाहण्यासारखी आहे. आपले शिक्षण आणि आपले घर ह्यांच्यामध्ये पांढरी पाच आणि पांढरी सहा ह्यांच्यासारखीच दरी असते, असे म्हणण्याचा मोह होतो, पण तो आवरतो.

एका रात्री आण्णा खुळखुळे वाजवून परत आले आणि न जेवता झोपले. त्या रात्री हे डोक्यात आले, की बदलून पाहायला आपल्याकडे दोन गोष्टी आहेत, माणूस आणि वाद्य. दोन महिन्यांत हे कोणी केले नव्हते. का केले नव्हते, हे उघड आहे. बॅन्डात दुसरा क्लॅरिनेटवाला पंचविशीचा, आण्णांच्याच हाताखाली शिकलेला. त्याच्याकडे 'जरा तुझं वाद्य दे' असे मागायला आण्णांची मान खाली जाणार. मास्तरांना काय पडले होते, त्यांचे काम खुळखुळ्यांनी भागले होते. आणि आमच्यासारख्या घरांत माणसाला दोष देणे फुकट असते. वाद्याला दोष दिला तर दुरुस्तीचा खर्च येतो.

मीच त्याच्याकडे गेलो. तो बिचारा लगेच तयार झाला, उलट म्हणाला, ''मला काय, आण्णांनी हाक मारली असती तर कवाच आलो असतो.'' ज्येष्ठातला बिनमुहूर्ताचा दिवस पाहून तो आमच्या घरी आला. आण्णा आधी रागावले. ''परीक्षा घेतोस व्हय रं माझी?'' म्हणाले. मी म्हटले, ''तुमची न्हाई आण्णा, क्लॅरोनेटची.'' मग पेटी माळ्यावरून खाली आली.

दोघांची वाद्ये मेरठची, एकाच घडणीची. मेरठची जाली कोठी ही बॅन्डच्या वाद्यांची देशातली मोठी पेठ. आमच्याजवळ मिरज आहे, पण मिरजेची कीर्ती सतार-तंबोऱ्यांची. फुंकीच्या वाद्याला काही झाले तर आमच्या भागातला माणूस बराच पोरका असतो. असो. घडण एक असल्यामुळे एकाचे माऊथपीस दुसऱ्याच्या वाद्यावर बसत होते, आणि हे फार महत्त्वाचे ठरले. आण्णांनी स्वतःचे माऊथपीस, स्वतःची पत्ती, तीच बांधणी काढून त्या मुलाच्या नळीवर लावली. म्हणजे ओठ तेच, पडलेला दात तोच, दम तोच, पत्तीही तीच. बदलली फक्त नळी. वीस वेळा पांढरी सहा वाजवली. एकोणीस वेळा स्वच्छ निघाली, आणि एकदा हसू आल्यामुळे चुकली. आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती.

मग त्या मुलाने आपले माऊथपीस आण्णांच्या नळीवर लावले. पंचविशीचा गडी, छातीचा भाता. त्याला पहिल्याच फुंकीला तो सूर निघेना. दुसऱ्यांदा चिरका. वीसात जेमतेम सहा-सात वेळा निघाला, आणि शेवटी तो म्हणाला, ''आण्णा, ह्याच्यावर तुमी दोन वरातीसुदिक कशा वाजवल्या?''

मास्तरांच्या सिद्धांताप्रमाणे पाहिले तर दम संपला होता तो त्या पंचविशीतल्या मुलाचा!

येथे माझे मिल महाशयांचे काम संपले आणि खरे काम सुरू झाले. दोष नळीत आहे हे कळले, पण नळी सुमारे ६६ सेंटीमीटर लांब आणि तिच्यावर डझनभर झाकणे. आण्णांनी आता सूत्रे हातात घेतली. वाद्याचे वरचे आणि खालचे असे दोन तुकडे वेगळे केले. वरच्या तुकड्याची सगळी भोके बंद करून, खालचे तोंड तळव्याने झाकून, वरून तोंडाने हवा ओढली. ओठ नळीला चिकटले आणि काही वेळ चिकटून राहिले. म्हणजे वरचा तुकडा निर्दोष. खालच्या तुकड्याला तेच केले. भोके त्यांनी झाकली, खालच्या चाव्या मी दाबल्या आणि तळवा धरला. हवा ओढली तर सुस्स करून आवाज आला आणि ओठ सुटले. गळती खालच्या तुकड्यात होती.

कोणते झाकण ते शोधायला सिगारेटचा कागद लागतो. इतका पातळ कागद दुसरा सहज मिळत नाही. मी कोपऱ्यावरच्या टपरीवर जाऊन एक सिगारेट विकत घेतली, आणि अर्ध्या तासाच्या आत ही बातमी आमच्या गल्लीत पोहोचली, ती अद्याप पूर्णपणे विझलेली नाही. सिगारेट उकलून कागदाची अरुंद पट्टी कापली. झाकण उघडून पट्टी खाली सारायची, झाकण नेहमीच्या हलक्या जोराने मिटायचे आणि पट्टी ओढायची. पट्टी धरली गेली पाहिजे. असे एकेका झाकणाच्या चारी बाजूंनी करायचे. सर्वांत खालच्या मोठ्या झाकणाला तीन बाजूंनी पट्टी धरली गेली. चौथ्या बाजूने ती लोण्यातून सुरी यावी तशी बाहेर आली.

चावी काढून पाहिली. आतल्या गादीचा पापुद्रा एका कडेला चिरला होता, आणि चावीचा दांडा अगदी किंचित वाकला होता. आण्णा बराच वेळ त्या चावीकडे पाहत बसले. मग त्यांना आठवले, संक्रांतीच्या सुमारास एका गावाहून परतताना टेम्पोच्या टपावरून पेटी खाली पडली होती. उघडून पाहिली तेव्हा काही मोडलेले दिसले नव्हते, म्हणून विषय तिथेच संपला होता.

राहिला प्रश्न हा, की मग संक्रांतीपासून वैशाखापर्यंत सूर निघत कसा होता, आणि वरातीच्या शेवटीच का दगा देत होता? मला ह्या साऱ्या प्रकरणातला सर्वांत बोलका भाग हाच वाटतो. झाकण नीट बसत नव्हते हे आण्णांच्या मनाला ठाऊक नव्हते, पण त्यांच्या करंगळीला कळले होते. ती करंगळी नकळत दुप्पट जोराने चावी दाबू लागली होती. जोराने दाबले की वाकडे झाकणही बसते आणि सूर निघतो. तीन-चार महिने त्या एका बोटाने मोडके वाद्य सांभाळले. लग्नसराई ऐन भरात आली, एका दिवसात दोन-दोन वराती होऊ लागल्या, तशी वरातीच्या शेवटी करंगळी दमू लागली आणि सूर जाऊ लागला. बघणाऱ्याला काय दिसले? सुरुवातीला वाजतो, दमल्यावर चुकतो. म्हणजे दम संपला! पुरावा अगदी चोख दिसत होता. त्या तरुण मुलाच्या करंगळीला ही सवय नव्हती, म्हणून त्याला पहिल्यापासूनच जमले नाही. आण्णा चुकत होते ते इतरांपेक्षा कमी चुकत होते, आणि तेवढ्यासाठीच त्यांना खुळखुळे मिळाले.

दुरुस्तीला फार लागले नाही. बॅन्डातल्याच एका निकामी क्लॅरिनेटची गादी काढली. चावीचे वाटीसारखे टोक नळीपासून दूर मेणबत्तीवर धरून लाख मऊ केली, गादी बसवली, दांडा हलक्या हाताने सरळ केला आणि पट्टी पुन्हा चारी बाजूंनी ओढून पाहिली. एवढे करूनही सूर दहात एखादे वेळी अडखळत होता. तेव्हा अंगठ्यामागच्या चावीची बारीक नळी पाहिली. तिच्यात वाद्य पुसायच्या फडक्याचे तंतू जमून गठ्ठा झाला होता. तो सुईने काढला. एका बिघाडाच्या आड दुसरा लपलेला असू शकतो, हे मिलने सांगितले होते की नाही ते मला आठवत नाही. पत्तीही नवी घेतली, कारण जुनीचे टोक झिजले होते. आणि सत्य सांगायचे तर आण्णांचा दमही पूर्वीइतका राहिलेला नाही. ते स्वतःच सांगतात. पण तो पांढरी सहाच्या आड येण्याइतका कमी झालेला नाही.

हे वाद्यपुराण कलाशाखेच्या वार्षिकात कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर देताना गुरुजनांची आगाऊ क्षमा मागतो. पहिल्या वर्षाच्या पहिल्या सत्रात मी इंग्रजीत नापास झालो. त्या वेळी मला सांगण्यात आले, की 'तुझा दोष नाही, तुमच्या घरी वातावरण नाही.' हे रागाने सांगितलेले नव्हते, मायेनेच सांगितले होते, आणि म्हणूनच ते मला खरे वाटले. आण्णांना जसे 'वय झालं' खरे वाटले, अगदी तसेच. वस्तुस्थिती अशी होती, की इंग्रजीचा तास आठवड्यातून तीन दिवस सकाळी साडेसातला पहिला असे, आणि आमच्या गावाकडची पहिली एस. टी. आठ वाजता स्थानकात येई. मी तास बुडवत नव्हतो, मला तास मिळतच नव्हता. दुसऱ्या सत्रात शहरातल्या एका मित्राने दोन महिने आपल्या खोलीत पथारी टाकू दिली. घरचे वातावरण होते तेच राहिले, अभ्यासक्रम तोच, डोके तेच. बदलली फक्त एस. टी. मी उत्तीर्ण झालो. इंग्रजी माझे अजूनही कच्चे आहे, त्याला कारणे अनेक असतील आणि काही माझ्याच आळसाची असतील. पण नापास मला एस. टी. ने केले होते. हजेरीपटावरून नजर फिरवली असती तरी दिसले असते, की त्या तासाला गैरहजर असणारे आम्ही अकरा जण एकाच रस्त्यावरच्या गावांचे आहोत. ह्याला अन्वय पद्धती म्हणतात. ती आम्हांला ह्याच इमारतीत शिकवली गेली.

माझे काही मित्र म्हणतात, की तू आळशी माणसाच्या हातात कोलीत देतो आहेस. उद्या जो तो रियाज न करता वाद्याला नावे ठेवील, अभ्यास न करता एस. टी. ला. हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. वाद्याला खोटे नाव ठेवणारे मी बॅन्डात पाहिले आहेत. एक जण तर दर महिन्याला पत्ती बदलतो आणि वाजवतो तसाच. पण त्यालाही उत्तर हेच आहे, की त्याचे वाद्य दुसऱ्याच्या हातात देऊन पाहा. सूर निघाला तर मग खुशाल त्याला म्हण ऐकवा. अदलाबदल करून पाहिल्याने निरपराधी सुटतो तसा लबाडही सापडतो. माझी तक्रार म्हणीबद्दल नाही, न पाहता ती उच्चारण्याबद्दल आहे. न पाहता बोलणे स्वस्त पडते, आणि त्याचा खर्च दरवेळी नाचणाराच भरतो. आमच्या घराने तो वरातीमागे पाचशे रुपये ह्या दराने भरला.

रियाजाच्या थोरवीविषयी मला काही सांगायचे नाही. ती मी घरातच पाहिली आहे. मात्र मोडक्या वाद्यावर केलेला रियाज हाताला वाकडी सवय लावतो, हेही मी पाहिले. दुरुस्तीनंतर महिनाभर आण्णा त्या चावीवर करंगळी इतकी दाबत, की पुढच्या सुराला ती उचलायला उशीर होई. सवय घालवायला त्यांना पावसाळाभर रोज तास-दीड तास बसावे लागले. मी समोर अभ्यासाला बसत असे, आणि करंगळी पांढरी पडलेली दिसली की पेन्सिलीने टेबलावर टकटक करीत असे. हे काम मला फार आवडे.

तुळशीचे लग्न झाल्यावर पहिली तिथ आली तेव्हा आण्णांनी मास्तरांना सांगून क्लॅरिनेट घेतले. वरात लांबली, दोन तास चालली. शेवटच्या चौकात तेच गाणे आले. सूर निघाला, आणि कोणाच्या लक्षातही आले नाही, कारण निघालेल्या सुराकडे कोणाचे लक्ष जात नाही. पैसे वाटताना मास्तर म्हणाले, ''आण्णा, पावसाळ्यात रियाज केलेला दिसतोय. दम परत आला.''

मी पुढे होऊन काही बोलणार होतो. आण्णांनी माझा दंड धरला आणि म्हणाले, ''व्हय मास्तर.'' रस्त्यात मी त्यांच्याशी भांडलो, की तुम्ही खरे का सांगितले नाही. ते म्हणाले, ''नऊशे हातात पडू देत की आदी.''

गेल्या आठवड्यात तो पंचविशीचा मुलगा संध्याकाळी घरी आला. काखेत पेटी होती. त्याचा कुठलासा वरचा सूर कधी निघतो, कधी निघत नाही. आण्णांनी त्याला चहा दिला, पेटी उघडली आणि मला हाक मारली, ''जा रं, टपरीवरनं एक सिगारेट घेऊन ये.''